उजेडाची टोपी आणि कंपवात

मुंबईच्या एका पारशी घरात १८७३ साली दिनशा घडियाली नावाचा मुलगा जन्मला. बुद्धी तल्लख, हात कारागिराचे आणि जीभ वकिलाची. १९११ साली तो अमेरिकेला गेला आणि १९२० साली त्याने ‘स्पेक्ट्रोक्रोम’ नावाचे एक यंत्र लोकांपुढे आणले. यंत्र म्हणजे काय, तर एक पेटी, पेटीत विजेचा दिवा आणि दिव्यापुढे सरकवायच्या रंगीत काचा. अमुक आजाराला हिरवा उजेड, तमुक आजाराला निळा. औषध नको, शस्त्रक्रिया नको, दिव्यासमोर बसले की झाले. आपल्याकडे रंगीत बाटल्यांत पाणी भरून उन्हात ठेवणारे लोक पाहिले असतील, त्याच घराण्यातली ही विद्या. घडियालींनी ती अमेरिकेत विकली आणि जोरात विकली. १९३१ साली बफेलो शहरात त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉक्टर मंडळींनी साक्षी दिल्या आणि ते सुटले. १९४७ साली कॅम्डन इथल्या दुसऱ्या खटल्यात मात्र नशीब फिरले. बरे झाले म्हणून ज्यांची नावे पुस्तकात छापली होती, त्यांतले काही रोगी त्याच आजाराने वारले होते, हे न्यायालयापुढे आले. वीस हजार डॉलर दंड झाला आणि त्यांचे छापील साहित्य नष्ट करण्याचा हुकूम निघाला. १९६६ साली ते वारले.

हा किस्सा मी आधीच सांगून टाकला, कारण आज मला उजेडाबद्दल चांगलेही बोलायचे आहे. आम्ही कवी मंडळी उजेड हा शब्द फार सैल हाताने वापरतो. ज्ञान म्हणजे उजेड, आशा म्हणजे उजेड, माय म्हणजे उजेड. कवितेत ते चालते. औषधाच्या कागदावर तोच शब्द आला की हिशेब मागावा लागतो.

आणि हिशेब मागितला तर सगळेच खोटे निघत नाही, हीच तर अडचण आहे. घडियाली तिशीत होते, त्याच सुमारास, १९०३ साली, वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना मिळाले. कशासाठी? उजेडाने आजार बरा केल्याबद्दल. चेहऱ्याच्या कातडीला क्षय होऊन चेहरा विद्रूप होतो, त्या आजारावर फिन्सेन यांनी विजेच्या दिव्याचे एकवटलेले किरण वापरले आणि रोगी बरे झाले. स्वतः फिन्सेन वर्षानुवर्षे आजारी. पुढच्याच वर्षी, ४३ वर्षांचे असताना ते गेले. तेव्हा एकाच काळात एकाच उजेडाने एकाला नोबेल मिळवून दिले आणि दुसऱ्याला न्यायालयाच्या पायरीवर उभे केले. दोघांत फरक एकच होता. फिन्सेनने मोजले, कोणत्या आजारावर चालते आणि कोणत्यावर नाही ते सांगितले. घडियालींचा दिवा सगळ्यांवर चालत होता.

आता हा विषय मला का सुचला ते सांगतो. आमचा नरखेड तालुका संत्र्याचा. वर्धा नदीच्या काठाने मोवाड, इकडे जलालखेडा, वरती मध्य प्रदेशातले पांढुर्णा, मध्ये जिकडे पाहाल तिकडे बागा. माझ्या शेजारी एक बागाईतदार आहेत. त्यांचे वडील आता सत्तरीपार. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात बसल्या जागी कापू लागला. अंगठा आणि बोट एकमेकांवर असे फिरत की जणू म्हातारा विडी वळतो आहे. पाऊल आखूड झाले, आवाज बारीक झाला, चेहऱ्यावरचे हसू गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितले, पार्किन्सन. मराठीत कंपवात. एका संध्याकाळी हे शेजारी मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. पडद्यावर एक माणूस डोक्यावर हेल्मेटसारखी टोपी घालून बसलेला, टोपीच्या आत लाल दिवे.

‘‘भाऊ, तुम्ही शिकलेले. हे टोपी आनली तर बुढ्याचा हात थांबन काय?’’

किंमत विचारली तर सांगितली पासष्ट हजार. मृग बहाराचा जो इसार व्यापाऱ्याकडून आला होता, तो सगळा त्यात जाणार होता. विकणाऱ्याने फोनवर सांगितले होते की मेंदूतल्या मरणाऱ्या पेशी या उजेडाने वाचतात, परदेशात सिद्ध झाले आहे. मी बी. ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. पण प्रश्न असा होता की त्याला ‘मला काय कळते’ म्हणून परत पाठवणे जमले नसते. शिवाय हा आजार माझ्याही घरातून जाऊन आला आहे. माझ्या बडे अब्बांना तो होता. त्यांच्या काळी आमच्या घरात त्याला पार्किन्सन कोणी म्हणत नसे. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या हकीमसाहेबांनी एकच शब्द सांगितला होता, रअशा. अरबी शब्द. अर्थ थरथर. हजार वर्षांपूर्वी इब्न सिनाने आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात रअशाचा विचार केलेला आहे. आपल्या आयुर्वेदात वेपथु आहे, कंप आहे. तेव्हा आजार नवा नाही, नाव तेवढे नवे.

ते नाव ज्यांचे, ते जेम्स पार्किन्सन लंडनच्या हॉक्स्टन भागातले साधे डॉक्टर. १८१७ साली त्यांनी ‘थरथरणारा पक्षाघात’ अशा अर्थाच्या नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्यात रोगी किती? फक्त सहा. आणि त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यात चालताना पाहिलेले. पण नजर अशी की दोनशे वर्षांनंतरही त्या वर्णनातला बराचसा भाग डॉक्टरांना तसाच मान्य आहे. आजाराला पार्किन्सनचे नाव दिले ते पुढे पॅरिसच्या शार्को यांनी.

या शार्कोंची एक गोष्ट आपल्या विषयाच्या कामाची आहे. त्यांचे रोगी सांगत, की रेल्वेच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर बरे वाटते. ते ऐकून शार्कोंनी हादरे देणारी खुर्चीच करवून घेतली. १८९२ साली त्यांनी तिच्यावर व्याख्यान दिले. रोग्यांना खरेच बरे वाटत होते. आता पुढचे ऐका. १२० वर्षांनी, २०१२ साली, शिकागोच्या डॉक्टरांनी तशीच खुर्ची करून नीट प्रयोग केला. निम्म्या रोग्यांना हलणाऱ्या खुर्चीत बसवले, निम्म्यांना न हलणाऱ्या. बरे दोघांनाही सारखेच वाटले! खुर्ची बाद. पण ‘बरे वाटले’ हे खरे होते. हा धागा हातात ठेवा, पुढे लागेल.

शार्कोंच्या दवाखान्यात या आजारावर औषधही दिले जाई. ते निघे खुरासानी ओव्याच्या जातीच्या झाडांतून. आमच्या हकीमसाहेबांच्या बरणीतही खुरासानी अजवायन होतीच. पॅरिस आणि मोमिनपुरा एकाच झाडापाशी पोचले होते, फक्त एकमेकांना ठाऊक नव्हते.

दुसरे झाड त्याहून महत्त्वाचे. आपल्याकडच्या कुंपणावर, नाल्याच्या काठाने एक वेल चढते. शेंगांवर मखमलीसारखी तपकिरी लव. लहानपणी ती शेंग दुसऱ्याच्या मानेवर चोळण्याचा खोडसाळपणा आम्ही सगळ्यांनी केला आहे आणि त्याबद्दल मारही खाल्ला आहे. खाजकुइली. तिचे बी म्हणजे कवचबीज, संस्कृतात कपिकच्छू. वैद्य कंपावर हे बी देत आले. १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी या बियांतून एक पदार्थ वेगळा काढला. त्याचे नाव लेव्होडोपा. तेव्हा त्याचा उपयोग काय, ते जगात कोणालाच कळलेले नव्हते. त्याआधी १९१३ साली गुगेनहाइम नावाच्या शास्त्रज्ञाने तोच पदार्थ बाकल्याच्या शेंगांतून काढला होता आणि उत्सुकतेपोटी अडीच ग्रॅम स्वतः गिळला होता. त्याला उलट्या झाल्या. पुढे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

ते कळले कसे, याची वाट थेट आपल्या मुंबईतून जाते. सर्पगंधा हे झाड वैद्यांना आणि हकिमांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही सर्पगंधा रक्तदाबाच्या रोग्यांवर वापरून, मोजून, १९४९ साली आपला लेख ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. सगळ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण रेसरपिन घेणाऱ्या काही रोग्यांत विचित्र गोष्ट दिसू लागली. हात कापू लागले, अंग ताठ होऊ लागले. कंपवात झाल्यासारखेच! औषध थांबवले की पुन्हा ठीक.

त्याच १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिले. ससे कान पाडून, लोळागोळा होऊन पडले. मग त्यांना डोपा टोचले. पंधरा मिनिटांत ससे उठून बसले आणि कान पुन्हा उभे! मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते, ते संपले की हालचाल थांबते, असा उलगडा त्यातून झाला. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी दाखवले, की पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत हेच डोपामिन खूप घटलेले असते. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियस यांनी डोपा हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत देऊन, वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसांना चालवले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. शेवटी औषध निघाले ते कोणते? खाजकुइलीतले लेव्होडोपा. १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचबीजाच्या चूर्णाचाच पार्किन्सनच्या रोग्यांवर प्रयोग करून तो प्रसिद्ध केला. २००४ साली लंडनमध्ये आठ रोग्यांवर गोळी आणि कवचबीज यांची तुलना झाली, त्यात बियांचे चूर्ण लवकर लागू पडले आणि जास्त वेळ टिकले. आठ रोगी म्हणजे फार थोडे, पण सुरुवात म्हणून वाईट नाही. (म्हणून कोणी उद्या कुंपणावरच्या शेंगा तोडून खाऊ नका. मात्रा कळत नाही, आणि गोळी चालू असताना वरून हे घेतले तर अंग वेडेवाकडे हलू लागते.)

एवढे सगळे झाले, तरी एक गोष्ट राहिलीच. आणि शेजाऱ्याच्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. मेंदूच्या बुडाशी, अगदी आत, काळसर रंगाचा एक छोटा भाग असतो. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी तिथे असतात. कंपवातात त्या एकेक करून मरतात. हात कापायला लागतो तोपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. लेव्होडोपाची गोळी काय करते? विहीर आटली म्हणून टँकरने पाणी आणून टाकीत ओतते. उन्हाळ्यात आमच्या तालुक्याला टँकरची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण टँकरने झरा जिवंत होत नाही. उरलेल्या पेशी वाचवणारे, आजाराची चाल रोखणारे औषध आजवर एकही सिद्ध झालेले नाही. डोक्यात तार बसवून विजेचे झटके देण्याची शस्त्रक्रिया १९८७ साली फ्रान्सच्या ग्रेनोबल गावी आलीम-लुई बेनाबिद यांनी सुरू केली. तिने कंप थांबतो, हात स्थिर होतो, पण पेशींचे मरण थांबते असे तिनेही सिद्ध केलेले नाही.

म्हणून जेव्हा कोणी म्हणतो ‘उजेडाने पेशी वाचतात’, तेव्हा तो फार मोठी गोष्ट म्हणत असतो.

ही कल्पना आली कुठून? १९६० साली पहिला लेसर दिवा तयार झाला. १९६७ च्या सुमारास हंगेरीतले डॉ. एन्द्रे मेस्तेर उंदरांवर लेसर टाकून गाठी जळतात का ते पाहत होते. त्यांचा लेसर होता कमजोर. गाठी काही जळल्या नाहीत, पण जिथले केस काढले होते तिथे ते लवकर उगवले, पुढे जखमाही लवकर भरताना दिसल्या. मंद लाल उजेड पेशींना काहीतरी करतो, हे तिथून पुढे आले. रशियातल्या तीना कारू यांनी त्याचे कारण शोधायचा प्रयत्न केला. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात, पेशीला लागणारी शक्ती त्या तयार करतात. त्या भट्टीतले एक प्रथिन लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड शोषून घेते आणि भट्टी जोरात पेटते, असा त्यांचा सिद्धांत. त्याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण बहुतेकांची गाडी याच रुळावरून जाते.

आणि कंपवाताचे धागेदोरेही याच भट्टीपाशी येतात. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण, चोरून बनवलेली खोटी हेरॉइन टोचून घेऊन, काही दिवसांत दगडासारखे गोठले. बोलता येईना, हलता येईना. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी ओळखले, की हा पार्किन्सनच आहे. त्या मालात चुकून तयार झालेले एक विष होते, एमपीटीपी. ते मेंदूतल्या नेमक्या त्याच काळसर भागातल्या पेशींत शिरते आणि त्यांच्या भट्ट्या बंद पाडते. या दुर्दैवी पोरांमुळे शास्त्रज्ञांना प्राण्यांमध्ये पार्किन्सन निर्माण करण्याची युक्ती मिळाली.

मग ऑस्ट्रेलियात सिडनीच्या विद्यापीठात जॉन मित्रोफानिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना हे विष दिले आणि सोबत ६७० नॅनोमीटर लांबीच्या लाल किरणांचा उजेड दिला. २०१० साली निष्कर्ष छापला. उजेड मिळालेल्या उंदरांत जास्त पेशी वाचल्या होत्या. २०१४ साली तर त्यांनी याहून चकित करणारे काम केले. उंदराचे डोके चांदीच्या कागदाने झाकले आणि उजेड फक्त धडावर टाकला. तरीही मेंदूतल्या काही पेशी वाचल्या! म्हणजे उजेडाने अंगात काहीतरी जागे होऊन ते मेंदूपर्यंत पोचत असावे. २०१६ साली ग्रेनोबलच्या मंडळींसोबत माकडांवर प्रयोग झाला, त्यातही पेशी वाचल्याचे दिसले.

इथपर्यंत वाचून आपण म्हणाल, मग काय, टोपी घ्या की! मीही क्षणभर तेच म्हणालो होतो. पण एक साधी गोष्ट पाहा. उंदराचे डोके केवढे? वरून टाकलेला उजेड काही मिलिमीटर गेला की मेंदूच्या बुडाशी. माणसाच्या डोक्यात तो काळसर भाग कवटीपासून सात-आठ सेंटीमीटर खोल. हाताचा पंजा विजेरीवर ठेवून पाहा, बोटांच्या कडा लाल दिसतात, मधला भाग काळाच राहतो. केस, कातडी, हाड ओलांडून तिथवर पोचेपर्यंत टोपीतला उजेड जवळजवळ संपलेला असतो. म्हणून माकडाच्या प्रयोगात उजेड बाहेरून टाकलाच नव्हता. केसाएवढी बारीक प्रकाशनळी शस्त्रक्रियेने मेंदूत सोडून, त्या पेशींच्या जवळ नेऊन दिवा लावला होता. त्याच ग्रेनोबलमध्ये, नुकताच आजार कळलेल्या थोड्याशा माणसांवर ही नळी बसवण्याचा पहिला प्रयोग २०२० नंतर सुरू झाला. वर्षानुवर्षे पाहावे लागणारे काम आहे ते. टोपी विकणारा माणूस माकडाचा प्रयोग दाखवतो, पण नळीचे नाव घेत नाही.

मग टोपीचे प्रयोग झालेच नाहीत का? झाले. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर काही रोग्यांनी बादलीत लाल दिव्यांच्या पट्ट्या चिकटवून ती डोक्यावर घ्यायला सुरुवात केली. तिथल्या डॉ. कॅथरिन हॅमिल्टन यांनी अशा टोप्या वापरणाऱ्यांची निरीक्षणे छापली. २०२१ साली बारा रोग्यांचा अभ्यास आला, काहींची चाल आणि तोल सुधारल्याचा. २०२३ साली चाळीस रोग्यांचा अभ्यास आला, त्यात काहींना खरी टोपी आणि काहींना खोटी दिली होती. टोपीने इजा होत नाही, एवढे त्यातून कळले. पण सुधारणा खोट्या टोपीवाल्यांतही दिसली.

आता शार्कोंच्या खुर्चीचा धागा काढा. २००१ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या शास्त्रज्ञांनी पार्किन्सनच्या रोग्यांना औषध म्हणून नुसते मिठाचे पाणी टोचले आणि मेंदूचे चित्र घेतले. चित्रात दिसले, की त्यांच्या मेंदूत खरेखुरे डोपामिन सुटले होते. बरे होण्याच्या आशेनेच! दुसऱ्या कोणत्या आजारात आशा इतकी थेट औषधाचेच रूप घेत असेल? मला कवी म्हणून ही गोष्ट फार आवडते. आणि बाप्याचा मुलगा म्हणून तिची भीती वाटते. कारण पासष्ट हजारांची टोपी घातल्यावर पहिल्या महिन्यात हात खरोखरच थोडा थांबतो. घरचे खूश होतात, शेजाऱ्याला सांगतात, शेजारी आपला बैल विकतो. पेशी मात्र आपल्या चालीने जातच असतात.

मी शेजाऱ्याला हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘मंग आमी काहीच करू नये काय?’’ रास्त प्रश्न होता. इसार घरातच ठेवा, एवढे म्हणून उठणे बरे दिसले नसते. आम्ही दोघे त्याच्या वडिलांची चिठ्ठी घेऊन पुन्हा नागपूरला डॉक्टरांकडे गेलो. तिथे कळले ते असे, की म्हाताऱ्याची लेव्होडोपाची गोळी वरण-भातावर किंवा दुधासोबत दिली जात होती. प्रथिनांच्या जेवणासोबत ती नीट लागू पडत नाही. जेवणाआधी अर्धा तास, घड्याळ लावून द्यायची. एवढ्याने फरक पडला. पासष्ट हजार लागले नाहीत.

उजेडाचीही एक जागा सापडली, पण ती कवटीतून जाणारी नाही, डोळ्यांतून जाणारी. या आजारात झोप मोडते, दिवसा डुलक्या येतात, रात्री जाग राहते. २०१७ साली अमेरिकेत ३१ रोग्यांवर नीट मोजून प्रयोग झाला. रोज दोन वेळा एकेक तास दहा हजार लक्सच्या प्रखर पांढऱ्या दिव्यासमोर बसवले, दुसऱ्या गटाला मंद लाल दिव्यासमोर. प्रखर दिव्यावाल्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली, रात्रीची झोप सुधारली. यात पेशी वाचल्याचा दावा नाही, म्हणूनच मला तो जास्त विश्वासाचा वाटतो. दहा हजार लक्स म्हणजे किती? आमच्याकडे सकाळी अंगणात बसलेल्या माणसाला तेवढा उजेड फुकट मिळतो. म्हाताऱ्याची खाट आता सकाळी आतल्या खोलीत नसते.

पेशी वाचवायच्याच असतील, तर मला दुसरीच काळजी आहे. एमपीटीपी अंगात गेल्यावर त्याचे जे रूप होते, त्याची रासायनिक ठेवण एका तणनाशकाशी जुळते. ते तणनाशक म्हणजे पॅराक्वाट. शेतीतली फवारणी आणि पार्किन्सन यांचा संबंध जगभरच्या अनेक अभ्यासांत आला आहे. सगळा दोष फवारणीचा नाही, वय आहे, रक्तातून येणारे काही आहे, पण संबंध आहे. स्वित्झर्लंडने पॅराक्वाट १९८९ साली बंद केले, युरोपीय संघात २००७ साली ते बंद झाले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा सगळ्यांनी एकदम पाहिले. त्यांचे मरण काही दिवसांत आले म्हणून दिसले. वीस-तीस वर्षांनी हात कापायला लागतो तेव्हा कोणाला पाठीवरचा पंप आठवत नाही. आमच्या बागांत झाडाखालचे तण मारायला निंदणारणी मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक येते. हे मला कळते. पण अंगात बनियन, तोंडाला अर्धा रुमाल आणि वाऱ्याच्या दिशेने फवारा, हे दृश्य आमच्या शिवारात अजून रोजचे आहे. टोपी घ्यायचीच तर फवारताना डोक्यावर घ्या, हातमोजे आणि तोंडावरचा मुखवटा घ्या. त्याला पासष्ट हजार लागत नाहीत.

पुण्यात कंपवाताच्या रोग्यांचे मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ पासून त्यांची संस्था काम करते, व्यायामाचे आणि नाचाचे वर्ग चालतात. नरखेडला तसे काही नाही. पण एक साधी युक्ती इथेही चालते. या आजारात माणूस चालता चालता उंबरठ्यापाशी एकाएकी अडतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. समोर जमिनीवर आडव्या रेघा असल्या, तर तोच माणूस त्या ओलांडत सहज निघतो. डॉक्टरांनी हे साठेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. शेजाऱ्याच्या सुनेने अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढल्या आहेत, दीड-दीड फुटावर. पावसाळ्यात त्या धुऊन जातात, म्हणून आता तिने पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणून ठेवला आहे. सकाळी उन्हात बसून झाले, की म्हातारा काठी न घेता त्या रेघा मोजत आत येतो. बावीस आहेत म्हणतो.